दिव्याने दिवा लागतो



घरात कोणी आजारी पडले म्हणजे काय होते, ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. आधी घरचा काढा होतो. मग कोणी अंगारा आणतो. तरी ताप उतरला नाही, म्हणजे तालुक्याला नेण्याची धावपळ सुरू होते. गाडीभाडे पाहावे लागते. दोघातिघांचा रोजगार बुडतो. डॉक्टर सुई देतात, गोळ्या देतात. माणूस बरा होऊन घरी येतो. आणि दोन महिन्यांनी तोच माणूस त्याच दुखण्याने पुन्हा अंथरूण धरतो.

असे का बरे होते?

हाच प्रश्न एका डॉक्टर नवराबायकोला पडला. प्रश्न साधा होता, पण त्यांनी तो सोडला नाही. त्याच्या उत्तरासाठी त्यांनी आपला सारा जन्म वेचला. त्यांची हकीगत आज आम्ही सांगणार आहोत. त्यांचे नाव डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे.

दोन डॉक्टर

रजनीकांत आरोळे यांचा जन्म 1934 साली अहमदनगर जिल्ह्यात झाला. या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. त्यांचे आईवडील दोघेही शिक्षक होते. मेबल या जबलपूरच्या एका प्राध्यापकांच्या कन्या. दक्षिणेत वेल्लोर नावाचे गाव आहे. तेथे डॉक्टरीचे मोठे आणि नामांकित कॉलेज आहे. तेथे ही दोघे शिकली. 1960 साली त्यांचे लग्न झाले. लग्नाच्या वेळीच त्यांनी ठरवले की, आपण खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचे.

त्यांना शहरात दवाखाना काढता आला असता. बंगला, मोटार, मानमरातब सारे मिळाले असते. पण ती दोघे नगर जिल्ह्यातल्याच वडाळा येथील मिशनच्या इस्पितळात कामाला गेली. 1962 पासून 1966 पर्यंत त्यांनी तेथे काम केले.

काम अपार होते. रोगी रांगा लावून येत. दोघे रात्रंदिवस राबत. रोगी बरे होत आणि दुवा देऊन घरी जात. पण थोड्याच दिवसांत तीच माणसे परत येत. तेच जुलाब, तीच हाडे निघालेली मुले, तीच अडलेली बाळंतीण.

मग ती दोघे विचार करू लागली. या मुलाचे जुलाब आपण थांबवले. पण घरी गेल्यावर ते पुन्हा तेच गढूळ पाणी पिणार. या बाईला आपण रक्त वाढायचे औषध दिले. पण घरी तिच्या ताटात शेवटी उरेल तेवढेच पडणार. म्हणजे रोगाचे मूळ गावात आहे आणि आपण मात्र इस्पितळात बसलो आहोत. नळ वाहता ठेवून फरशी पुसण्यासारखेच हे झाले! फरशी कितीही पुसली तरी कोरडी होणार कशी?

आधी शिकले, मग परतले

नळ कसा बंद करावा, हे त्यांना माहीत नव्हते. डॉक्टरीच्या कॉलेजात रोग बरा करायला शिकवतात. सबंध गावाला रोग होऊ नये म्हणून काय करावे, हे शास्त्र वेगळे आहे. ते शिकण्यासाठी दोघे अमेरिकेला गेली. तेथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. डॉ. कार्ल टेलर नावाचे थोर गुरू त्यांना तेथे लाभले. टेलर यांचा जन्म आपल्याच देशात, मसुरीला झालेला होता.

शिक्षण संपले. अमेरिकेत राहिले असते तर पैशाला तोटा नव्हता. पण 1970 साली दोघे परत आली आणि थेट जामखेडला येऊन राहिली.

जामखेड म्हणजे नगर जिल्ह्याचे पूर्वेकडचे टोक. पाऊस बेभरवशाचा. दोन वर्षे बरी गेली तर तिसऱ्या वर्षी दुष्काळ. माणसे पोटासाठी ऊसतोडीला जातात. असा कठीण मुलूख त्यांनी मुद्दाम निवडला. गावच्या पुढाऱ्यांनी त्यांना बोलावले आणि जागा दिली. ती जागा कोणती म्हणाल, तर गुरांच्या दवाखान्याची जुनी इमारत! जेथे पूर्वी बैलांना औषध पाजत, तेथे माणसांचा दवाखाना सुरू झाला. त्यांनी आपल्या संस्थेला नाव दिले, ग्रामीण सर्वंकष आरोग्य प्रकल्प. सर्वंकष म्हणजे सर्व बाजूंनी. नुसते औषध नव्हे. अन्न, पाणी, शेती, शिक्षण, स्त्रीचा मान, हे सारे आरोग्यातच येते, असे त्यांचे म्हणणे होते.

आधी पाणी, मग औषध

लवकरच मोठा दुष्काळ पडला. 1972 चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतो. खायला मिलो आणि सुकडी, प्यायला टँकरचे पाणी, आणि हाताला खडी फोडण्याचे काम.

अशा वेळी कोणी म्हणाले, "बाबा रे, लस टोचून घे," तर माणूस काय उत्तर देईल? तो म्हणेल, "आधी घोटभर पाणी दे, भाकरी दे. लशीचे मग बघू."

डॉक्टर आरोळ्यांनी हे ओळखले. लोकांना जे हवे त्यापासून त्यांनी सुरुवात केली. मदत मिळवून कामाच्या मोबदल्यात धान्य देण्याची सोय केली. लहान मुलांसाठी गावोगावी सामुदायिक स्वयंपाकघरे निघाली. पिण्याच्या पाण्यासाठी विंधणविहिरी खोदल्या, त्यांवर हातपंप बसवले.

हातपंप कोठे बसवायचा, हा मोठा नाजूक प्रश्न असतो. गावात वजन असलेल्या माणसाच्या दारात तो बसला की, दलित बाईला हंडा घेऊन लांब उभे राहावे लागते. म्हणून हातपंप दलित वस्तीत बसावा, असा आरोळ्यांनी प्रयत्न केला. पाणी हवे तर तेथे जा! तहान जात विचारीत नाही. हळूहळू सगळ्यांचे हंडे एका रांगेत आले.

गावोगावी शेतकरी मंडळे निघाली. बांधबंदिस्ती, झाडे लावणे, मुलांचे वजन करणे ही कामे मंडळातले लोकच करू लागले. पुढे बायकांची महिला मंडळेही निघाली.

नर्सबाई टिकेनात

औषधपाण्याचे काम मात्र अजून गावात रुजत नव्हते. आरोळ्यांनी प्रथम शिकलेल्या नर्सबाई गावोगाव ठेवून पाहिल्या. त्यांत त्या पोरींचा दोष काही नव्हता. पण त्या बाहेरगावच्या, वयाने तरुण. परक्या गावात एकटीने राहायची त्यांना भीती वाटे. गावच्या बायकाही त्यांच्याशी मन मोकळे करीत नसत. "कालची पोर. हिला बाळंतपणातले काय कळते?" असे म्हणत.

मग असा विचार निघाला की, गावातलीच एखादी कर्तीसवरती बाई का शिकवू नये? ती रात्री-अपरात्री हाकेला धावेल. तिची भाषा लोकांना कळेल. तिच्यावर लोकांचा भरवसा राहील.

विचार चांगला, पण अडचण मोठी. अशा बायका बहुतेक निरक्षर! सहीच्या जागी अंगठा देणाऱ्या. पुष्कळशा दलित समाजातल्या, गरिबीने पिचलेल्या. त्यांना आरोग्याचे शास्त्र शिकवायचे? मोठमोठ्या डॉक्टरांना हे पटेना.

आरोळ्यांना मात्र ते पटले. गावाने बाई निवडायची आणि आरोळ्यांनी शिकवायची, असे ठरले.

अंगठेबहाद्दर बाया शिकल्या

या बाया दर आठवड्याला जामखेडला येत. मुक्काम करीत. एका वेळी एकच गोष्ट शिकत. गावी जाऊन ती करून पाहत. पुढच्या आठवड्यात परत आल्या म्हणजे काय झाले ते सांगत. जे चुकले असेल ते पुन्हा शिकत. असे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चाले.

पुस्तक नसताना त्या कशा शिकल्या? अहो, आपल्या आज्यांना शेकडो ओव्या पाठ होत्या. त्यांनी कोठल्या पुस्तकात वाचल्या होत्या? जात्यावर बसून ऐकल्या आणि ध्यानात ठेवल्या. या बायाही तशाच चित्रे पाहून, गाणी म्हणून, हाताने करून शिकल्या.

पहिली अडचण ज्ञानाची नव्हती, भीतीची होती. अमक्याची सून, तमक्याची आई, हीच त्यांची ओळख. चारचौघांत आपले नाव स्पष्ट सांगण्याचासुद्धा त्यांना सराव करावा लागला. मेबलबाईंनी याकडे फार लक्ष दिले. जिला आपलीच किंमत वाटत नाही, तिचे बोलणे गाव कसे ऐकणार?

दुसरी अडचण जातीची. वेगवेगळ्या जातींच्या बाया एका ठिकाणी जमलेल्या. पहिल्याने एकमेकींच्या हातचे खायला त्या तयार नव्हत्या. पण तेथे स्वयंपाक एकत्र, जेवण एकत्र, आणि रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपणे. थंडीच्या रात्री पांघरूण ओढताना कोण कोणाची जात विचारतो? विटाळ पांघरुणातच विरून गेला.

या बायांनी काय काय शिकून घेतले, ते पाहा.

गरोदर बाईने पोटभर आणि चांगले खावे. खाल्ल्याने मूल फार मोठे होऊन बाई अडते, हा समज खोटा.

बाळंतपणाला हात साबणाने धुवावे. नाळ नव्या स्वच्छ पात्याने कापावी. विळा-खुरपे वापरू नये. जखमेला शेण-राख लावू नये.

आईचे पहिले चिकाचे दूध बाळाला लगेच पाजावे. ते फेकू नये. ते अमृतच आहे.

अंगावर बधिर चट्टा दिसला तर तो लपवू नये. कुष्ठरोगाला औषध आहे. वेळेवर घेतले तर रोगी घरात राहून बरा होतो. त्याला घराबाहेर काढण्याचे कारण नाही.

कोणता रोगी आपल्याच्याने बरा होईल आणि कोणाला ताबडतोब इस्पितळात न्यायचे, हे ओळखावे. हे ज्ञान सर्वांत मोठे.

जुलाब आणि पाणी

येथे आम्हांला आमची एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांगताना लाज वाटते. पण ती लपवली तर हा धडा अपुरा राहील.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नुकतेच मास्तर झालो होतो. पहिलीतल्या एका मुलाला जुलाब-उलट्या लागल्या. आम्ही संध्याकाळी त्याला पाहायला गेलो. मूल पाणी पाणी करीत होते. घरच्यांनी पाणी तोडले होते. पोटात पाणी गेले की जुलाब वाढतात, असा सगळ्यांचा समज. मुलाच्या आईने आम्हांला विचारले, "गुरुजी, देऊ का घोटभर?" आम्ही मॅट्रिक झालेले. गावात शहाणे म्हणून आमचा मान. आम्ही म्हणालो, "नको. सकाळपर्यंत कळ काढा. सकाळी गाडी जुंपून नेऊ."

सकाळ त्या मुलाने पाहिली नाही.

जुलाबात मूल जुलाबाने मरत नाही. अंगातले पाणी आणि मीठ निघून जाते, म्हणून मरते. गेलेले पाणी भरून दिले की, बहुतेक मुले वाचतात. आमच्या गावापासून जामखेड काही परमुलूख नाही. त्याच वर्षी तिकडच्या अंगठा देणाऱ्या बाया मुलांना साखर-मिठाचे पाणी पाजून वाचवीत होत्या. आणि आम्हां मॅट्रिकवाल्याला ते ठाऊक नव्हते. लिहितावाचता येणे निराळे आणि शहाणपण निराळे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. पण त्याची किंमत दुसऱ्याच्या घराने दिली.

म्हणून पुढचे चार शब्द नीट वाचा. दोनदा वाचा. घरात मोठ्याने वाचून दाखवा.

एक लिटर स्वच्छ, उकळून गार केलेले पाणी घ्यावे. त्यात चहाचे 6 चमचे साखर घालावी. चमचे शिगोशीग नकोत, सपाट भरावे. त्यात अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. नीट ढवळावे. चाखून पाहावे. डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागले तर ते टाकून पुन्हा करावे. हे पाणी मुलाला घोटघोट, वरचेवर पाजावे. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यावे. एक दिवस झाला की उरलेले टाकून नवे करावे. आईचे दूध बंद करू नये. मऊ भात, खिमट देत राहावे.

आता आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात यासाठी तयार पुड्या मिळतात. त्यांना ओआरएस म्हणतात. पुडी असेल तर पुडीच वापरावी. तिच्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात कालवावी. सोबत झिंकच्या गोळ्या मिळतात. त्या जुलाब थांबले तरी 14 दिवस पुऱ्या कराव्या.

मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईना, पाणी पिईना, किंवा शौचाला रक्त पडू लागले, तर मात्र थांबू नये. पाणी पाजत पाजत दवाखाना गाठावा.

आकडे काय सांगतात

या कामाचा उपयोग झाला का? आकड्यांवरून पाहू.

1971 साली आरोळ्यांच्या कामाच्या गावांत 1000 मुले जन्मली, तर त्यांतली 176 मुले पहिला वाढदिवस पाहण्याआधी दगावत. म्हणजे प्रत्येक पाच-सहा पाळण्यांमागे एक पाळणा रिकामा होई. सबंध देशात तेव्हा हा आकडा सुमारे 129 होता. प्रकल्पाच्या नोंदीप्रमाणे 1976 साली तेथला आकडा 52 वर आला. अवघ्या पाच वर्षांत!

तेथे या काळात काही मोठे यंत्र आले नव्हते. स्वच्छ पाणी आले, पोटाला अन्न आले, लस आली, आणि प्रत्येक गावात एक जाणती बाई आली. जी मुले एरवी गेली असती, ती आज पन्नाशीला टेकली असतील. त्यांना नातवंडे झाली असतील. आकडा म्हणजे नुसता आकडा नसतो. त्यामागे माणसे असतात.

जगाने दखल घेतली

1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने एक पुस्तक काढले. लोकांनी स्वतः आरोग्याचे काम कोठे कोठे चालवले आहे, याची माहिती त्यात होती. त्यात जामखेडवर एक प्रकरण होते. 1978 साली अल्मा-आता या शहरी जगातल्या देशांची मोठी परिषद भरली. हे शहर तेव्हा सोव्हिएत संघात होते, आज ते कझाकस्तानात आहे. आरोग्य हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे आणि आरोग्याची पहिली सेवा घराजवळ मिळाली पाहिजे, असे तेथे जाहीर झाले. जामखेडसारख्या ठिकाणच्या कामामुळेच हा विचार जगापुढे आला होता.

1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1990 साली रजनीकांत यांना पद्मभूषण किताब मिळाला. देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. आणि त्यांना शिकवायला कोण बसे? डॉक्टरांबरोबर याच गावच्या बाया!

नक्कल सोपी, मर्म कठीण

चांगले काम दिसले की सरकारही ते उचलते. 2 ऑक्टोबर 1977 रोजी आपल्या देशात एक योजना निघाली. दर हजार वस्तीमागे एक आरोग्य कार्यकर्ता. तीन महिने शिक्षण, महिना 50 रुपये मानधन. कागदावर सारे जामखेडसारखेच होते. पण ती योजना नीट चालली नाही. हळूहळू ती थंडावली.

कारण काय? कार्यकर्ते निवडताना बहुतेक पुरुष निवडले गेले. बाईचे दुखणे बाई पुरुषाला कसे सांगणार? पुष्कळ ठिकाणी पुढाऱ्यांनी आपली माणसे नेमली. तीन महिने शिकवले आणि सोडून दिले. जामखेडला शिक्षण कधी संपतच नसे. दर आठवड्याला नवा धडा असे. शिवाय जामखेडच्या बाईला गावाने निवडलेले असे, म्हणून ती गावाला बांधलेली असे. नक्कल करताना वरचे कवच घेतले आणि आतला दाणा राहिला.

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यात आशा आल्या. या वेळी बाईच नेमायची, आणि ती त्याच गावची हवी, असे ठरले. मागच्या चुकीतून एवढे शहाणपण नक्की आले. जामखेडचे आणि अशाच दुसऱ्या ठिकाणांचे अनुभव त्यासाठी उपयोगी पडले. आज देशात सुमारे 10 लाख आशा आहेत. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. परंतु गौरवाने पोट भरत नाही. त्यांना बरेचसे पैसे कामागणिक मिळतात आणि कामाचे ओझे मोठे असते. आपल्या दारी आशाताई येते, तेव्हा तिला बसायला सांगावे, पाणी द्यावे, तिचे ऐकावे. तिच्या रास्त मागणीत गावाने तिच्या बाजूने उभे राहावे. तिला नुसती सरकारची बाई समजू नये. ती गावाची आहे.

झुंबर आणि चिमणी

आता शेवटची गोष्ट.

1988 साली अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात आरोग्याची एक मोठी परिषद भरली होती. जामखेड भागातली एक आरोग्यसेविका तेथे बोलायला गेली होती. खेड्यातली साधी बाई. दिवाणखाना भव्य, वर लखलखती झुंबरे, आणि समोर मोठमोठे विद्वान. पण ती डगमगली नाही. तिने झुंबराकडे बोट दाखवले. त्याचा उजेड सुंदर आहे, पण ते महाग आहे, आणि ते पाहायला एवढ्या लांब यावे लागते, असे ती म्हणाली. मोठ्या इस्पितळातले डॉक्टर तिला तसे वाटत. मग तिने एक साधा दिवा दाखवला. हा स्वस्त आहे, झोपडीतही लागतो, आणि एका दिव्यावर दुसरा दिवा लावता येतो. गावची आरोग्यसेविका या दिव्यासारखी आहे, असे तिने सांगितले. ते ऐकून सभेतल्या लोकांनी तिला मोठा मान दिला.

याचा अर्थ झुंबर नको, असा नव्हे. अडलेल्या बाईचे पोट फाडून मूल काढायला डॉक्टरच लागतो. आरोळ्यांनीही आपले इस्पितळ कधी बंद केले नाही. पण घराघरातला अंधार एकट्या झुंबराने जात नाही.

मेबलबाई 1999 साली गेल्या. रजनीकांत 2011 साली गेले. जामखेडचे काम त्यांच्या माघारी चालू राहिले. त्यांच्या मुलांनी ते पुढे नेले, आणि गावोगावच्या त्या बायांनीही. मोठ्या माणसांची परीक्षा त्यांच्या माघारीच होते. ज्याने सारे ज्ञान आपल्या मुठीत ठेवले, त्याचे काम त्याच्याबरोबर जाते. ज्याने ते वाटले, त्याचे काम उरते. धान्य वाटले तर कमी होते. ज्ञान वाटले तर दोघांकडेही राहते.

बंधुभगिनींनो, तुम्ही नुकतेच वाचायला शिकला आहात. एक दिवा तुमच्या हातात आला आहे. त्यावर दुसरा दिवा लावा. आज रात्री जेवणे झाल्यावर साखर-मिठाच्या पाण्याचा उतारा घरात वाचून दाखवा. शेजारणीला सांगा. जिला वाचता येत नाही तिच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. तेवढ्याने एखाद्या घरातली एखादी सकाळ उजाडेल.

कठीण शब्दांचे अर्थ

सर्वंकष : सर्व बाजूंनी केलेले
विंधणविहीर : यंत्राने जमिनीत खोल छिद्र पाडून केलेली विहीर, बोअर
बधिर : चिमटा काढला तरी कळत नाही असे
मानधन : कामाचा मान म्हणून दिलेली रक्कम
खिमट : तांदूळ-डाळ भाजून, भरडून केलेला मऊ पातळ भात
मर्म : आतली खरी गोष्ट

प्रश्न

1. वडाळ्याच्या इस्पितळातले रोगी पुन्हा पुन्हा का येत होते?
2. डॉक्टर आरोळ्यांनी आधी पाण्याचे काम का हाती घेतले?
3. गावातलीच बाई निवडल्याने कोणते फायदे झाले?
4. जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडले तर काय होते?
5. साखर-मिठाचे पाणी कसे करतात? पुस्तक मिटून सांगा. मग घरी करून दाखवा.
6. 1977 ची योजना का थंडावली? तुमच्या गावातल्या एखाद्या योजनेचे असे झाले आहे का? चौघांत बसून बोला.
7. तुमच्या गावच्या आशाताईंचे नाव लिहा. त्यांना कोणत्या अडचणी येतात, ते त्यांना विचारा आणि चार ओळी लिहा.